नाव, जात, ठिकाण

संपादकांनी डब्यातून स्लाइड काढली, प्रोजेक्टरच्या उजेडात धरली आणि तिच्या पांढऱ्या चौकटीवरचं माझं अक्षर मोठ्याने वाचलं. आधी दादाचं नाव. मग म्हणाले, "जात, फासेपारधी." थांबले. चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा पाहिलं. "ठिकाण, आर्वी."

पुढच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं.

"मित्रहो," संपादक म्हणाले, "आयुष्यभर पक्ष्यांच्या याद्या करतो आहे. ही जात माझ्या यादीतून कशी सुटली कोण जाणे."

मग सगळं सभागृह हसलं. वर्ध्यातल्या एका कॉलेजचं सभागृह होतं ते. पडदे ओढलेले, पंखे फिरत होते, आणि त्या अंधारात हसणाऱ्यांचे चेहरे दिसत नव्हते. हसणं तेवढं ऐकू येत होतं. ते थांबत आलं तेवढ्यात मागून एका तरुण मुलाचा आवाज आला, "सर, शेड्यूल कोणतं?"

आता जास्तच हसले. काहींनी बाकं वाजवली.

वन्यजीवांच्या कायद्यात प्राण्यांची शेड्यूल असतात. वाघ पहिल्या शेड्यूलमध्ये. आमचंही शेड्यूल आहे, सरकारने दिलेलं. त्याच्या दाखल्यासाठी मी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. दोन्ही शेड्यूल एका प्रश्नात बसवणारा तो मुलगा हुशार असणार. चांगल्या शाळेत शिकला असणार.

दादाही हसला. लग्नात फोटो काढताना घालायचा तोच पांढरा शर्ट घालून माझ्या शेजारी बसला होता. सगळे हसले म्हणून तो हसला. आपलं नाव घेतलं, म्हणजे आपलं कौतुक चाललं आहे, असं त्याला वाटलं.

मी हसले नाही. मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसले.

मग स्लाइड पडद्यावर आली. हिरव्या गवताच्या वर, हवेत, एक काळा पक्षी. मान मागे टाकलेली, डोक्यामागची पिसं दोऱ्यासारखी वळलेली, पाय पोटाशी घेतलेले. तणमोर. पावसाळ्यात नर असा गवतातून वर उसळतो, मादीला दिसावं म्हणून, आणि लगेच खाली जातो. पाहणारा डोळे मिटून उघडेपर्यंत माळ पुन्हा रिकामा. सभागृह गप्प झालं. आणि मग टाळ्या. बाकं वाजवणाऱ्या हातांच्याच.

दादा उठून उभा राहिला आणि त्याने अंधाराला नमस्कार केला.

दादा आता नाही. म्हणून हे लिहायला बसले. हळू लिहिते. एक वाक्य होतं, मग ते पुरतं का हे पाहत दिवस जातो. दादा आणि मी आपसात आमच्या बोलीत बोलायचो. त्याचं बोलणं इथे वऱ्हाडीत लिहिते आहे, कारण आमच्या बोलीत लिहिलं तर तुम्हाला कळणार नाही, आणि हे तुम्हाला कळायला हवं आहे.

आमचा बेडा आर्वीच्या बाहेर, माळाला लागून. बेडा म्हणजे पारध्यांची वस्ती. आमचा बा फास लावायचा. तित्तर, लावा असली पाखरं, पोटापुरती. दादा लहानपणी त्याच्यासोबत जायचा. तणमोर आमच्या घरात कोणी कधी धरला नाही असं मी शपथेवर सांगणार नाही. माझ्या डोळ्यांसमोर तरी नाही.

मी आश्रमशाळेत गेले. तिथून कॉलेजात. मग आर्वीच्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या कामाला लागले. दादाची शाळा लवकरच सुटली. आसपासच्या गावात चोरी झाली की पोलीस आधी आमच्या बेड्यावर यायचे. बाला न्यायचे. दादाला मिसरूड फुटल्यावर दादालाही नेलं. त्याच्या बोटांचे, अंगठ्याचे ठसे घेतले. चोर दुसराच निघाला म्हणून सोडलं. सोडताना ठसे परत देत नाहीत.

फास कधी सुटला याचा काही मुहूर्त नाही. बा थकला. दादा शेठजींच्या फोटो स्टुडिओत झाडझूड करायला लागला, मग लाइट धरायला, मग लग्नांचे फोटो काढायला. शेठजी मारवाडी, पण कितीतरी पिढ्या आर्वीत गेलेल्या, बोलायचे आमच्यापेक्षा पक्कं वऱ्हाडी. एकदा कुठल्याशा लग्नाचा अल्बम लावताना ते एका फोटोपाशी बराच वेळ थांबले.

"अबे, नवरदेव आन् नवरीच्या मंधात हा बगळा कुठून आला?"

"रोल शिल्लक होता शेठजी," दादा म्हणाला.

"शिल्लक शेवटी राह्यते. मंधात नाई राह्यत."

दादा खाली पाहत राहिला. मांडवाच्या मागे तळं होतं, तळ्यात बगळा होता. त्याला राहवलं नव्हतं. शेठजींनी एक जुना कॅमेरा कपाटातून काढून त्याच्यापुढे ठेवला. "घे बाप्पा. हे तुह्या पाखरायसाठी. माह्यी गिऱ्हाइकं तं सोड."

तेव्हापासून दादा पहाटे माळावर जाऊन बसू लागला. ती ई-क्लासची जमीन, सरकारी पडीक. पावसाळ्यात गवत कमरेला लागायचं आणि गवळाऊ गाई त्यात पोटापर्यंत बुडायच्या.

आमच्या वाचनालयात वन्यजीवांचं एक मासिक यायचं. शहरात निघायचं, गुळगुळीत कागदावर. नवा अंक आला की मी तो दोन दिवस घरी नेत असे. दादा चित्रं पाहायचा, मी मजकूर वाचून दाखवायची. दुपारी वाचनालय रिकामं असायचं. कपाटात मासिकाचे जुने अंक बांधून ठेवलेले होते. ते सगळे मी वाचले. एकही सोडला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं.

एका पावसाळ्यात दादाला ती उडी मिळाली. शेठजींनी नागपूरहून स्लाइडचा रोल आणवून दिला होता. धुऊन आल्यावर दादाने ती स्लाइड खिडकीच्या उजेडात धरली आणि मग माझ्या हातात दिली. मी पाहिली आणि म्हटलं, "ही मासिकाला पाठवू."

"आपली कोण छापते?"

"मी लेख लिहिते. दोन्ही मिळून पाठवू."

लेख लिहायला मला महिना लागला. पक्ष्याबद्दल कमी होता, गवताबद्दल जास्त. हे गवत कोणी पेरलं नाही म्हणून सरकारी कागदात त्याला पडीक म्हणतात, असं पहिलं वाक्य होतं. शेवटाला दादाचं आणि माझं, दोघांचं नाव.

मासिकाच्या आतल्या पानावर प्रत्येक अंकात सूचना असायची. लेख कागदाच्या एकाच बाजूस लिहावा. छायाचित्रे स्लाइडच्या स्वरूपात पाठवावीत. आणि मग: 'प्रत्येक स्लाइडच्या चौकटीवर नाव, जात व ठिकाण सुवाच्य अक्षरांत लिहावे.'

मी ते वाचून दाखवलं तेव्हा दादा हसून म्हणाला, "पाह्य, इथंही जात लागते."

"लागते तर लागते."

"लिही मंग. लपवून काय करतं?"

बदकांच्या जाती, घुबडांच्या जाती, असं त्याच मासिकात मी कितीदा तरी वाचलं होतं. तरी त्या दिवशी हात दुसरीकडे गेला नाही. ज्याने शाळेत नाव घालताना, वसतिगृहात, परीक्षेच्या अर्जावर, नोकरीच्या अर्जावर, ठाण्यात, दवाखान्यात, नावाखालच्या ओळीत तेच लिहिलं आहे, त्याचा हात कसा जाईल? नाव विचारलं की त्याच्या पाठोपाठ जात विचारतात. नाव फोटो काढणाऱ्याचं, म्हणजे जातही त्याचीच. पक्ष्याचं नाव लेखात होतंच. मी शाईचं पेन घेतलं, चौकट पाटीवर ठेवली आणि दाबून, ठळक अक्षरात तीन ओळी लिहिल्या.

महिन्या-दोन महिन्यांनी पोस्टकार्ड आलं. स्लाइड पसंत पडली आहे, वर्ध्याला वाचकांचा मेळावा आहे, तिथे ती दाखवू, दोघांनी अवश्य यावं. दादाने ते कार्ड शेठजींना दाखवलं. शेठजींनी दुकानातल्या माणसांना दाखवलं. आम्ही सकाळच्या एसटीने निघालो तेव्हा बेड्यावरची माणसं रस्त्यापर्यंत सोडायला आली होती. "साहेबाले सांगजो, आमचाई फोटो छापा," एक म्हातारी म्हणाली, आणि सगळे हसले. ते हसणं मला आठवतं. दोन्ही हसणी एकाच दिवसाची.

स्लाइड दाखवायच्या आधी त्या मेळाव्यात प्रमुख पाहुण्यांचं भाषण झालं होतं. जुन्या मालगुजार घराण्यातले. गोरे, उंच, बोलायला गोड. त्यांनी आपल्या आजोबांची आठवण सांगितली. आजोबांनी या भागात किती वाघ मारले, एकदा मचाणावरून जखमी वाघामागे कसे उतरले, घरच्या दिवाणखान्यात ती कातडी अजून कशी आहेत. सभागृह कान देऊन ऐकत होतं. शेवटी ते म्हणाले, आजोबांची शिकार म्हणजे जंगलावरचं प्रेमच होतं. टाळ्या पडल्या. दादानेही वाजवल्या. तेव्हा मलाही त्यात काही खटकलं नाही. चांगली गोष्ट ऐकावी तशी मी ती ऐकली.

कार्यक्रम संपल्यावर संपादकांनी आम्हाला मागच्या खोलीत बोलावलं. तिथे पाहुणे चहा पीत बसले होते. आम्हालाही चहा मिळाला, बसायला खुर्च्या मिळाल्या. संपादक वाईट बोलले नाहीत. उलट फार आपुलकीने बोलले.

"मघाशी गंमत केली, राग नका मानू," ते दादाला म्हणाले. "पण खरं सांगा, इतक्या जवळ गेलात कसे?"

"बसून, साहेब."

"बसून? फासात बसवला नव्हता ना त्याला?"

पाहुणे हसले. दादाही हसला. पुन्हा.

मग संपादकांनी पिशवीतून एक मोठा कागद काढला. छापायच्या पानाचा नमुना. वर मथळा: 'फास ते कॅमेरा'. खाली दादाचं नाव. माझं कुठेच नव्हतं. मी वाचायला लागले. 'माझ्या या हातांनी किती निष्पाप पाखरांच्या माना मुरगळल्या याची गणती नाही. रात्री झोपेत ती पाखरं येतात आणि मला जाब विचारतात.' असं पानभर. दादा रडतो, दादा देवापुढे फास जाळतो, दादा कॅमेरा हाती घेतो. गवताची माझी दोन वाक्यं अगदी शेवटी, चौकटीत टाकलेली.

"हे मी लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

संपादकांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "लेख तुम्ही लिहिला होता? चांगला होता, ताई. पण माळरानावरचे लेख आमच्याकडे पुष्कळ येतात. तुमच्याकडे जे आहे ते दुसऱ्या कोणाकडे नाही."

"काय आहे?"

"पश्चात्ताप," ते म्हणाले. "वाचकांच्या काळजाला हात घालेल. तुमच्या समाजातली मुलं वाचतील, सुधारतील."

पानाच्या खाली टिंबांची ओळ होती. वरील मजकूर माझाच असून तो सत्य आहे. सही.

संपादकांनी पेन काढून दादापुढे धरलं. दादाने घेतलं.

दादाला सही येत होती. मीच शिकवली होती. कंदिलाखाली बसून, त्याचा हात हातात धरून. ती त्याला फार आवडायची. स्टुडिओतल्या पाकिटांवर उगाच करायचा. त्या क्षणी त्याला पानावर मोठ्या अक्षरात आपलं नाव दिसत होतं, आणि नावाखाली आपला तणमोर. बाकीचं त्याने वाचलं नव्हतं. वाचता आलं असतं तरी त्याने सही केली असती, असं मला अजून वाटतं.

"कुठं करू, साहेब?"

मला मात्र दुसरंच दिसत होतं. ठाण्यातला हवालदार तो अंक उघडून बसला आहे. ज्याचे ठसे आधीच त्यांच्याकडे आहेत, त्याने आता स्वतःच्या सहीने लिहून दिलं आहे की माझ्या हातून किती पाखरं मेली याची गणती नाही. फोटोसकट. गावासकट. पुढच्या वेळी कुठे मोर मेला, कुठे हरणाची कातडी सापडली, की शोधायला जायचं कारणच नाही. कागद तयार.

मी पानावर हात ठेवला.

"सही करू नको दादा."

"काऊन?"

मी संपादकांकडे वळून विचारलं, "पाहुण्यांच्या आजोबांचा असा लेख कोणत्या अंकात आला?"

"कसा लेख?"

"पश्चात्तापाचा."

चहाचा कप तोंडाशी नेता नेता पाहुणे थांबले.

"मी तुमचे सगळे अंक वाचले आहेत," मी म्हटलं. "त्यांच्या आजोबांवरचा लेख आहे. वाघावर पाय ठेवलेला फोटो आहे. मथळ्यात 'थोर शिकारी' असं आहे. वाघ त्यांच्या स्वप्नात येऊन जाब विचारतात, असं कुठे नाही."

"ताई, तुम्ही विपर्यास करता आहात. तो काळ वेगळा होता. तेव्हा शिकारीला बंदी नव्हती."

"माझ्या बाचाही तोच काळ."

बाहेर खुर्च्या ओढल्याचा आवाज येत होता. संपादक पाहुण्यांकडे पाहून ओशाळं हसले आणि मग त्यांचा आवाज बदलला. "हे पाहा, सहीशिवाय मला छापता येणार नाही. वाचक विचारतील, पारध्याला तणमोराचा असा फोटो मिळाला कसा. मला उत्तर द्यावं लागेल."

"बसून काढला, असं द्या."

दादा पेन हातात धरून माझ्याकडे पाहत होता. घाबरला होता. मोठ्या माणसांपुढे मी इतकं बोलते, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं.

"आमची स्लाइड द्या," मी म्हटलं.

"ऑफिसातून टपालाने पाठवू."

"इथेच आहे. डब्यात."

मी उठले आणि सभागृहात गेले. पडदे अजून ओढलेलेच होते. प्रोजेक्टरजवळ एक माणूस वायर गुंडाळत होता. डबा उघडा होता. मी एकेक स्लाइड वर करून चौकटी पाहू लागले. बाकी सगळ्यांवर नीट लिहिलेलं होतं. नाव, जात: नीलकंठ, ठिकाण. नाव, जात: चितळ, ठिकाण. मला माझं अक्षर सापडलं. मी ती स्लाइड काढून पिशवीत टाकली. आयुष्यात कोणाच्या डब्यातून न विचारता काही उचललं ते तेव्हाच. पारध्याच्या मुलीने, उघड्या डब्यातून, माणसांसमोर.

"ओ बाई," वायरवाला म्हणाला, "काय घेतलं?"

"आमचं."

दारापर्यंतचं अंतर संपत नव्हतं. मागून कोणी हात धरेल, झडती घेईल, असं वाटत होतं. कोणी धरला नाही. दादा माझ्या मागून आला. त्याच्या हातात ते पेन तसंच होतं. तो परत आत गेला, पेन देऊन आला.

परतीच्या एसटीत पुलगाव मागे पडल्यावर तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "छापू द्याचं होतं, बाई. नाव तं आलं असतं."

"कशाचं नाव आलं असतं, दादा?"

ते पान मी त्याला तोंडी सांगितलं. झोपेत येणारी पाखरं, जाळलेला फास, खालची टिंबांची ओळ. ठाण्याचंही सांगितलं. त्याने विचारलं, "आन् ते आधी हासले ते काऊन?"

हेही सांगावं लागलं. त्यांनी पक्ष्याची जात विचारली होती, आपण आपली लिहिली.

त्याचा चेहरा बदललेला मी पाहिला. सभागृहातलं सगळं त्याला आता, एसटीत, उलट्या क्रमाने कळत होतं. टाळ्या, हसू, आपलं हसू, आपला नमस्कार. "मले वाटलं माह्यावर खूश होऊन राह्यले," तो म्हणाला. मग त्याने माझ्या पिशवीत हात घालून स्लाइड काढली, अंगठा जिभेला लावला आणि चौकटीवरची मधली ओळ घासायला लागला. जोरात. एसटी खड्ड्यातून जात होती, तरी त्याचा अंगठा तिथून हलत नव्हता. शाई पसरली. ओळ अर्धी गेली. उरलेल्या अर्ध्यावर निळा डाग पडला.

मी त्याच्या हातातून ती ओढून घेतली.

"पुसू दे," तो म्हणाला.

"नाही."

"लोकं हासते त्याले."

"हसू दे. ते खोटं आहे का?"

आर्वी येईपर्यंत अंगठा शर्टाला पुसत राहिला. लग्नातला पांढरा शर्ट. डाग पडला तो नंतर निघाला नाही.

त्यानंतर दादाने एकही फोटो कुठे पाठवला नाही. काढत राहिला. लग्नं काढली, बारशी काढली, आणि पावसाळ्यात माळावर जात राहिला. शेठजींनी कितीदा तरी विचारलं, "कारे, तुह्या मोराचं काय झालं?" दादा म्हणायचा, "उडाला." शेठजी हसायचे. दादा नाही.

माळाचं गवत वर्षावर्षाने कमी झालं. एका बाजूने सोयाबीन आलं, दुसऱ्या बाजूला तारेचं कुंपण. शेवटच्या काही पावसाळ्यांत दादा जाऊन बसायचा आणि रिकामा परतायचा. मग त्याला काविळीने धरलं. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. तिथेही नोंद करणाऱ्याने नाव विचारलं, मग जात विचारली. मी सांगितली. दादा खाटेवरून माझ्याकडे पाहत होता.

एका दुपारी त्याने विचारलं, "ते स्लाइड हाय का बाई?"

होती. माझ्या पिशवीतच होती. खाट खिडकीपाशी होती. मी स्लाइड काचेला लावून धरली. त्याने पक्षी पाहिला. मग डोळे खाली आले, चौकटीवर. बराच वेळ तिथे होते.

"अक्षर चांगलं हाय तुह्यं," तो म्हणाला.

एवढंच. पुसलं त्याबद्दल काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

परवा त्या मासिकातून फोन आला. जुने संपादक निवृत्त झाले, आता एक तरुण मुलगी हे काम पाहते. आवाज चांगला, बोलणं अदबीचं. माळरानांवर विशेषांक काढणार आहेत. आर्वीकडे आता तणमोर दिसत नाही, त्याचा तिथला फोटो कोणाकडेच नाही. तुमच्या भावाची स्लाइड होती असं जुन्या लोकांकडून कळलं. द्याल का?

"कोणाच्या नावाने छापाल?" मी विचारलं.

"भावाच्याच ना, ताई. पूर्ण नाव देऊ."

"आणि जात?"

"हो, देऊ की. शास्त्रीय नावासकट."

"पक्ष्याची नाही म्हणत मी."

ती हळूच म्हणाली, "ताई, आम्ही खरंच असलं काही मानत नाही. आणि आता सूचनेतही आम्ही 'जात' लिहीत नाही, 'प्रजाती' लिहितो. मागे एकदा घोळ झाला होता ना, कोणीतरी स्वतःचीच..." ती हसली. "ऑफिसात तो किस्सा अजून सांगतात."

तिचं हसू तिथेच थांबलं. आपण कोणाशी बोलतो आहोत हे तिच्या लक्षात आलं तो क्षण मला फोनवर ऐकू आला.

"सॉरी, ताई," ती म्हणाली.

माझा तिच्यावर राग नाही. तिला किस्सा मिळाला, तिने तो सांगितला. शब्द बदलून झाला की अपमानही मिटला, असं त्यांना वाटलं असेल. वाटो. मी तिला माझं म्हणणं सांगितलं आणि तिने लिहून घेतलं. तेच इथे लिहिते.

स्लाइड मिळेल, पण चौकटीसकट छापायची. कडा कापायच्या नाहीत. तिन्ही ओळी दिसल्या पाहिजेत, डागासकट. खाली माझा लेख, गवताचा, जसा होता तसा. त्यात कोणाच्याही स्वप्नात पाखरं येणार नाहीत. शेवटी दादाचं आणि माझं, दोघांचं नाव. यातलं एक जरी जमत नसेल तर विशेषांक तणमोराशिवाय काढा. माळ तसाही त्याच्याशिवायच आहे.

विचारून सांगते, असं ती म्हणाली. काल तिचा पुन्हा फोन आला. पक्षी छापतील, नाव देतील, लेखही घेतील. चौकट तेवढी नको म्हणतात. चांगली दिसत नाही.

मी नाही म्हटलं.

मधली ओळ मी पुन्हा गिरवलेली नाही. तिच्यावर दादाचा अंगठा आहे. ठाण्यातल्या कागदांवर त्याचे ठसे पडून आहेत, ते मागून मिळायचे नाहीत. हा एक माझ्याकडे आहे, आणि तो कातरीने कापून मी कोणाला देणार नाही. ज्या दिवशी छापतील त्या दिवशी अक्षर लागत नाही अशी कोणाची तक्रार आली, तर मी वर्ध्याला येईन. त्याच सभागृहात उभी राहून तिन्ही ओळी वाचून दाखवीन. पडदे मात्र उघडे ठेवायचे. या वेळी हसणाऱ्यांचे चेहरे मला दिसले पाहिजेत.